यंत्र आपलं, पण किल्ली कुणाकडे? बंदिस्त सॉफ्टवेअर आणि मालकाची मोकळीक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राउटर, फोन, कॅमेरा, गेम कन्सोल, मनगटावरचं घड्याळ ही सगळी यंत्रं आपण पैसे देऊन घरी आणतो, पण त्यांच्या पोटात चालणारं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा कंपनीच्याच ताब्यात राहतं. तो ताबा किती असावा आणि मालकाला किती हात घालू द्यावा, याबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. मी बरीच वर्षं अशा यंत्रांचं फर्मवेअर, म्हणजे त्यांच्या आत बसवलेलं मूळ सॉफ्टवेअर, बदलत आलो आहे. त्यामुळे उत्तरांत माहितीबरोबर माझं मतही आहे.

हॅक करणं म्हणजे गुन्हाच ना?

दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे. इथे 'हॅक' हा शब्द त्याच्या जुन्या अर्थाने घ्यायचा: आपल्या मालकीच्या यंत्राकडून, त्याच्या निर्मात्याच्या मनातही नसलेलं काम करून घेणं.

कॅननच्या छोट्या कॅमेऱ्यांसाठी सीएचडीके नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. ते मेमरी कार्डवरून चालू होतं, कॅमेऱ्याच्या मूळ फर्मवेअरला धक्का लावत नाही, आणि कार्ड काढलं की कॅमेरा पुन्हा पहिल्यासारखा. त्याने साध्या खिशातल्या कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेले, फोटो घेता येऊ लागले, ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढता येऊ लागले. रॉकबॉक्सची गोष्टही अशीच. 2001 साली काही जणांना आर्कोस कंपनीच्या म्युझिक प्लेअरचं सॉफ्टवेअर अपुरं वाटलं, म्हणून त्यांनी स्वतःचं लिहायला घेतलं. पुढे ते आयपॉडसह कितीतरी प्लेअरवर चालू लागलं. यात कुणाची चोरी झाली नाही. लोकांनी आपल्या वस्तू आपल्या सोयीच्या करून घेतल्या, एवढंच.

सॉफ्टवेअर बंदिस्त असणं आणि यंत्र बंदिस्त असणं, यात फरक आहे का?

आहे, आणि या विषयावरच्या निम्म्याहून अधिक भांडणांत हा फरकच विसरला जातो.

कंपनीने आपल्या प्रोग्रामचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल असा मूळ मजकूर, जाहीर केला नाही, तर ते सॉफ्टवेअर बंदिस्त, म्हणजे प्रोप्रायटरी. तो तिचा हक्क आहे, असं मी मानतो. कोड लिहायला पैसा आणि माणसं लागतात. शिवाय त्यातला बराच भाग तिचा स्वतःचाही नसतो. वायफाय किंवा मोबाईल नेटवर्कची चिप बनवणारी कंपनी गुप्ततेच्या करारावर कोड देते, आणि तो उघड करणं यंत्र बनवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

यंत्र बंदिस्त असणं ही दुसरी गोष्ट. त्यात कंपनीने सही केलेल्या सॉफ्टवेअरखेरीज दुसरं काही चालवायला यंत्र स्वतःच नकार देतं. पहिल्या प्रकारात कंपनी आपली वही झाकून ठेवते. दुसऱ्या प्रकारात ती तुमच्या वहीत तुम्हाला लिहू देत नाही. डेस्कटॉप संगणकावर विंडोज आयुष्यभर बंदिस्त राहिलं, तरी ते पुसून तिथे लिनक्स ही खुल्या कोडची ऑपरेटिंग सिस्टिम टाकता येत होती. कोड झाकलेला आणि यंत्र मोकळं हे दोन्ही एकत्र सुखाने नांदू शकतं, याचा यापेक्षा मोठा पुरावा शोधायची गरज नाही.

म्हणून पुढच्या सगळ्या उत्तरांत माझा आग्रह एकच आहे: कुलूप असू द्या, पण त्याची एक किल्ली मालकाकडे हवी.

हे कुलूप यंत्रात नेमकं कुठे असतं?

यंत्र सुरू होताना सर्वात आधी चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्राम चालतो. तो बदलता येत नाही. त्याला एक सार्वजनिक किल्ली माहीत असते, किंवा तिचा ठसा चिपमधल्या फ्यूजमध्ये कायमचा जाळून ठेवलेला असतो. त्या किल्लीने तो पुढच्या टप्प्याची, म्हणजे बूटलोडरची, डिजिटल सही तपासतो. बूटलोडर ऑपरेटिंग सिस्टिमची सही तपासतो, आणि अशी साखळी पुढे जाते. एखादी कडी जुळली नाही की यंत्र थांबतं. सही करायची खाजगी किल्ली कंपनीच्या तिजोरीत असते.

ही रचना वाईट नाही. उलट फार उपयोगी आहे: तुमच्या फोनमध्ये कुणी गुपचूप बदललेलं सॉफ्टवेअर घुसवलं तर तो सुरूच होणार नाही. प्रश्न इतकाच की फ्यूजमध्ये कुणाचा ठसा आहे, आणि तो बदलायची किंवा त्यात आपला जोडायची सोय ठेवली आहे का.

त्या पहिल्या कोरलेल्या प्रोग्राममध्येच चूक राहिली तर ती दुरुस्त करता येत नाही. 2019 मध्ये जाहीर झालेली चेकमेट (checkm8) ही त्रुटी अशीच होती. ए5 पासून ए11 पर्यंतच्या चिप असलेल्या आयफोनना ती लागू होती, आणि ॲपलला कुठल्याही अपडेटने ती बुजवता आली नाही.

कंपन्या कुलूप लावतात ते निव्वळ नफ्यासाठीच ना?

काही वेळा हो, पण सगळं त्या एकाच खात्यावर टाकणं अन्याय होईल. चोरीला गेलेला फोन चोराच्या उपयोगाचा राहू नये, हे कुलपाचं खरं काम आहे. रेडिओ लहरींचे नियम पाळावे लागतात. बिघडलेल्या सॉफ्टवेअरमुळे बॅटरी तापली तर दोष कंपनीवरच येतो. चित्रपट दाखवणाऱ्या कंपन्या तर करारातच अट घालतात की त्यांची चित्रं सुरक्षित यंत्रावरच दिसली पाहिजेत.

याच्या शेजारीच दुसरी यादी आहे. गेम कन्सोल अनेकदा तोट्यात किंवा जेमतेम किमतीला विकतात आणि पैसा गेममधून काढतात. प्रिंटर स्वस्त, शाई महाग. सप्टेंबर 2016 मध्ये एचपीच्या काही प्रिंटरनी इतर कंपन्यांची शाईची काडतुसं एकाएकी नाकारायला सुरुवात केली. ती सोय आधीच्या फर्मवेअरमधून आत बसवलेली होती आणि त्या दिवशी जागी झाली. 2014 मध्ये क्युरिग कंपनीने कॉफीच्या यंत्रात असंच कुलूप घातलं, फक्त आपल्याच परवान्याच्या कपांची कॉफी निघावी म्हणून. गिऱ्हाईकं इतकी चिडली की पुढच्या वर्षी कंपनीने चूक कबूल केली. अशा कुलपांना सुरक्षेचं नाव दिलं जातं तेव्हा खऱ्या सुरक्षेवरचा विश्वासही उडतो, आणि तो परत मिळवणं कठीण असतं.

यंत्र मोकळं ठेवलं तर कंपनीचं नुकसान होत नाही का?

लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी54जी या निळ्या-काळ्या राउटरची गोष्ट नीट सांगायला हवी. तो 2002 च्या अखेरीला आला. आत लिनक्स चालत होतं, पण कंपनीने ते सांगितलं नव्हतं आणि लिनक्सच्या जीपीएल या परवान्याप्रमाणे द्यावा लागणारा सोर्स कोडही दिला नव्हता. लोकांनी ते शोधून काढलं, दबाव आला आणि 2003 मध्ये कोड बाहेर पडला. त्याच कोडवरून 2004 मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं फर्मवेअर उभं राहिलं. डीडी-डब्ल्यूआरटीसारखी इतर फर्मवेअरंही आली. साठेक डॉलरच्या डब्यात लोकांना महागड्या राउटरची कामं मिळू लागली.

मग कंपनीने पाचव्या आवृत्तीत लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंदिस्त ऑपरेटिंग सिस्टिम घातली, फ्लॅश मेमरी 4 वरून 2 मेगाबाइट केली आणि रॅम 16 वरून 8 वर आणली. खर्च वाचला, पण हौशी गिऱ्हाईक दुरावलं. तेव्हा 2005 मध्ये तिनेच जुनं हार्डवेअर नव्या नावाने परत आणलं: डब्ल्यूआरटी54जीएल. शेवटचा 'एल' लिनक्सचा. ज्या मोकळेपणापायी कंपनी सुरुवातीला अडचणीत आली होती, त्याच मोकळेपणासाठी तो राउटर पुढे दहा वर्षांहून अधिक काळ विकला गेला.

लेगोने हा धडा आणखी लवकर घेतला. 1998 मध्ये माइंडस्टॉर्म्स हा रोबो बनवायचा संच आला तेव्हा काही आठवड्यांतच त्याच्या पिवळ्या विटेचं, म्हणजे आतल्या छोट्या संगणकाचं, फर्मवेअर उलगडलं गेलं. कंपनीने वकील पाठवण्याऐवजी थोडा विचार केला आणि परवान्यातच हॅक करायचा हक्क लिहून दिला. त्यातून नव्या प्रोग्रामिंग भाषा आल्या, आणि खेळणं वर्गांत, प्रयोगशाळांत पोचलं.

मायक्रोसॉफ्टला तिथे पोचायला थोडा वेळ लागला. नोव्हेंबर 2010 मध्ये काइनेक्ट हा खेळाडूच्या हालचाली टिपणारा तिचा कॅमेरा बाजारात आला आणि ॲडाफ्रूट या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने त्याचा मोकळा ड्रायव्हर, म्हणजे तो संगणकाला जोडणारा प्रोग्राम, लिहिणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. मायक्रोसॉफ्टने आधी नाराजी व्यक्त केली, कायद्याची भाषा केली. बक्षिसाची रक्कम वाढून 3,000 डॉलर झाली आणि काही दिवसांतच ड्रायव्हर तयार झाला. त्यानंतर कंपनीचा सूर बदलला: यूएसबी जोडणी आम्ही मुद्दामच मोकळी ठेवली होती, असं तिच्या माणसांनी सांगितलं. 2011 मध्ये तिने स्वतःचं साधनसंच काढलं. तोवर रोबो बनवणाऱ्यांनी आणि संशोधकांनी तो वस्तू किती अंतरावर आहे हे मोजणारा स्वस्त कॅमेरा म्हणून डोक्यावर घेतला होता.

आधी मोकळीक दिली आणि नंतर काढून घेतली तर?

याला मी सगळ्यात वाईट प्रकार मानतो. मुळात बंद असलेली वस्तू घ्यायची की नाही हे गिऱ्हाईक ठरवू शकतं. पैसे मोजल्यावर खिशातून काही काढून घेणं वेगळं.

सोनीचं प्लेस्टेशन 3 हे 2006 मध्ये आलं तेव्हा त्यावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची सोय होती. तिचा वापर नुसत्या हौशी लोकांनी केला असं नाही. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने 1,760 प्लेस्टेशन जोडून काँडोर नावाचा महासंगणक उभारला. 1 एप्रिल 2010 ला 3.21 क्रमांकाच्या अपडेटने सोनीने ही सोय काढून टाकली. कारण सुरक्षेचं दिलं. अपडेट घेतलं नाही तर ऑनलाइन खेळता येणार नाही, आणि घेतलं तर लिनक्स जाईल. इकडे आड, तिकडे विहीर.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फेलओव्हरफ्लो या गटाने बर्लिनच्या परिषदेत दाखवलं की सोनी डिजिटल सही करताना दर वेळी नवा वापरायला हवा तो यादृच्छिक आकडा तोच तो वापरत होती. त्यामुळे खाजगी किल्ली साध्या गणिताने काढता येत होती. त्यांचं म्हणणं असं की लिनक्सची वाट मोकळी होती तोवर कुशल लोकांना हे कुलूप फोडायचं कारणच नव्हतं. हा त्यांचा युक्तिवाद आहे, पण मला तो पटतो. जिथे पुढचं दार उघडं असतं तिथे चाणाक्ष माणसं भिंतीला भोक पाडत बसत नाहीत. पुढे अमेरिकेत ग्राहकांनी खटला भरला आणि सोनीला तडजोड करून भरपाई द्यावी लागली.

आत लिनक्स आहे म्हणजे यंत्र मोकळंच असेल ना?

नाही. टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करणाऱ्या टिव्हो या डब्यात लिनक्स होतं, कंपनी कोडही देत होती. पण तुम्ही तो बदलून परत घातला की सही जुळत नसे आणि डबा चालत नसे. अक्षर पाळलं, अर्थ मोडला. यावरून 'टिव्होआयझेशन' हा शब्दच रूढ झाला. 29 जून 2007 ला आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत यावर उपाय घातला: घरगुती वापराच्या यंत्रात असा कोड असेल तर तो बदलून बसवायला लागणारी माहितीही द्यायला हवी. लिनक्सचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स यांना हे मान्य नव्हतं, आणि लिनक्स कर्नल आजही दुसऱ्या आवृत्तीवरच आहे. म्हणून 'आत लिनक्स' या पाटीवर विसंबू नका.

पण मोकळीक म्हणजे सुरक्षेला भगदाड, हे तर खरं?

कधी कधी खरं आहे, आणि त्याची सर्वात अवघड गोष्ट मधुमेहाच्या रुग्णांची आहे.

इन्सुलिन पंप शरीरात थेंबाथेंबाने इन्सुलिन सोडतो. मेडट्रॉनिकच्या काही जुन्या पंपांमध्ये रेडिओवरून येणारी आज्ञा खरंच मालकाची आहे का, याची धड तपासणी नव्हती. सुरक्षेच्या नजरेने ही भयंकर चूक: जवळ आलेला कुणीही जास्त इन्सुलिन सोडायची आज्ञा देऊ शकला असता. पण रुग्णांनी हीच फट वापरली. डेना लुईस आणि त्यांच्या सोबत्यांनी 2015 मध्ये ओपनएपीएस जाहीर केलं. साखर मोजणारा सेन्सर, छोटा संगणक आणि हा पंप जोडून इन्सुलिनचं प्रमाण रात्रभर आपोआप सांभाळणारी ही व्यवस्था होती. कंपन्यांची तशी उत्पादनं तोवर बाजारात नव्हती. रुग्ण जुने, वॉरंटी संपलेले पंप शोधत फिरत होते, कारण नव्या पंपांत ती फट बुजवलेली होती.

जून 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, त्याच पंपांबद्दल इशारा दिला. इशारा योग्यच होता. रुग्णांची गरजही खरी होती. मला यातून जे दिसलं ते असं: सुरक्षा आणि मोकळीक यांची इथे टक्कर झाली, कारण मालकासाठी दारच ठेवलं नव्हतं आणि त्याला फटीतून शिरावं लागलं. दार ठेवता येतं. त्याच 2019 च्या फेब्रुवारीत एफडीएने इतर यंत्रांशी सुरक्षितपणे बोलू शकणाऱ्या पंपांचा वेगळा वर्ग मान्य केला, आणि जानेवारी 2023 मध्ये रुग्णांच्याच चळवळीतून आलेल्या टाइडपूल लूप या प्रणालीला मंजुरी मिळाली.

दुसरी बाजूही पाहा. 2016 चं मिराय हे बॉटनेट, म्हणजे बळकावलेल्या यंत्रांचं जाळं, कॅमेरे आणि राउटरमध्ये शिरलं ते कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून. त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला त्या जाळ्याने संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला केला आणि अनेक मोठी संकेतस्थळं तासन्‌तास बंद पडली. तिथे मालकांच्या हाती जास्त मोकळीक होती म्हणून हे घडलं नाही. कंपन्यांनी सॉफ्टवेअर निष्काळजीपणे लिहून वाऱ्यावर सोडलं होतं. कितीतरी मालकांना तर तो पासवर्ड बदलताही येत नव्हता.

रेडिओचे नियम पाळायचे तर फर्मवेअर बंदच ठेवावं लागेल, असं म्हणतात. खरं का?

रेडिओचा भाग बंद ठेवावा लागेल, अख्खं यंत्र नाही. चुकीच्या लहरींवर किंवा जास्त शक्तीने प्रक्षेपण झालं तर हवामानाच्या रडारना अडथळा येतो, ही काळजी खोटी नाही. 2015 मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने, एफसीसीने, यासाठी मार्गदर्शन काढलं आणि काही कंपन्यांनी सोपा रस्ता धरून राउटरचं सगळंच फर्मवेअर कुलपात घातलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. ऑगस्ट 2016 मध्ये एफसीसी आणि राउटर बनवणारी टीपी-लिंक यांच्यात तडजोड झाली. शक्तीची मर्यादा ओलांडू दिल्याबद्दल कंपनीने 2,00,000 डॉलर दंड भरला, आणि सोबत तिसऱ्या पक्षाच्या फर्मवेअरला वाट देण्याचं काम करायचंही मान्य केलं. नियम मोडल्याची शिक्षा आणि मोकळिकीची अट, दोन्ही एकाच कागदावर. असा शहाणपणा नियामकांकडून वारंवार दिसायला हवा.

फोनचा बूटलोडर अनलॉक केला तर काय गमावतो?

अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. हे मुद्दाम असतं, चोराला अनलॉक करून तुमचे फोटो मिळू नयेत म्हणून. त्यानंतर फोन सुरू होताना दर वेळी इशारा दिसतो. बँकेची आणि पैशांची अनेक ॲप चालायला नकार देऊ शकतात. चित्रपट दाखवणारी ॲप कमी दर्जाचं चित्र देऊ शकतात. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये परकं सॉफ्टवेअर घातलं की एक फ्यूज कायमचा जळतो आणि नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेच्या काही सोयी परत मिळत नाहीत, मूळ सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं तरी.

डेटा पुसणं आणि इशारा देणं योग्य आहे. बँकेची भीतीही मी समजू शकतो, पण उपाय चुकीच्या ठिकाणी लागतो. अनेक वर्षं सुरक्षा अपडेट न मिळालेला, पण कंपनीच्या सहीचा फोन चालतो. ताज्या अपडेटसह स्वतःच्या किल्लीने कुलूप लावलेला फोन मात्र नाकारला जाऊ शकतो.

वॉरंटी जाते का?

सॉफ्टवेअर बदलल्यामुळे बिघाड झाला तर त्याची जबाबदारी तुमची, हे रास्त. पण फर्मवेअर बदललं म्हणून हललेल्या बटणाची दुरुस्ती नाकारणं रास्त नाही. अमेरिकेत 1975 पासून मॅग्नसन-मॉस कायदा आहे, आणि त्याच आधारावर 2018 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने, एफटीसीने, 'स्टिकर फाटलं की वॉरंटी संपली' अशा पाट्यांबद्दल सहा कंपन्यांना ताकीद दिली. तुमच्या देशातला नियम मात्र आधी पाहून घ्या.

कायदा कुणाच्या बाजूने आहे?

देशागणिक वेगळा. अमेरिकेचा 1998 चा डीएमसीए कायदा डिजिटल कुलूप फोडायला मनाई करतो, मग आतली वस्तू तुमची का असेना. दर तीन वर्षांनी त्यातून सवलती दिल्या जातात. 2010 मध्ये फोन जेलब्रेक करायला, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून त्यावर हवं ते ॲप चालवायला, सवलत मिळाली. गंमत म्हणण्यापेक्षा दुःखाची बाब अशी की सवलत कुलूप उघडण्याच्या कृतीला आहे, ते उघडणारं साधन वाटायला नाही. म्हणजे तुम्ही उघडू शकता, पण प्रत्येकाने आपली किल्ली स्वतःच घडवायची!

युरोपचा रोख टिकाऊपणावर आहे. 20 जून 2025 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनना, त्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान 5 वर्षं सॉफ्टवेअर अपडेट आणि 7 वर्षं महत्त्वाचे सुटे भाग द्यावे लागतात. यंत्रांच्या सायबर सुरक्षेसाठीच्या सायबर रेझिलियन्स कायद्याच्या मुख्य अटी डिसेंबर 2027 मध्ये लागू होतील. त्याने कंपन्यांची जबाबदारी वाढेल, हे चांगलंच. पण 2015 मध्ये अमेरिकेत राउटरचं झालं तसं पुन्हा होऊन त्याच्या नावाखाली आणखी कुलपं लागू नयेत, यावर लक्ष ठेवायला हवं.

कंपनीनेच हात वर केले तर?

माझ्याकडे एक कॅमेरा आहे. काच उत्तम, मोटर उत्तम. कंपनीने सर्व्हर बंद केला आणि तो जोडलाच जाईना, कारण घरातल्या घरात जोडायची सोयच ठेवली नव्हती. ग्राहक सेवेने नवं मॉडेल घ्यायला सुचवलं. तो कॅमेरा मी अजून टाकलेला नाही.

रेव्हॉल्व्ह या घरगुती उपकरणं जोडणाऱ्या हबचं असंच झालं. नेस्टने कंपनी विकत घेतली आणि 15 मे 2016 ला सेवा बंद केली. सुमारे 300 डॉलरची यंत्रं त्या दिवसापासून निर्जीव झाली. सोनोसने तर सवलतीत नवा स्पीकर हवा असेल तर जुना चालू स्पीकर कायमचा निकामी करायची योजना काढली होती. टीकेनंतर 2020 मध्ये ती मागे घेतली.

याउलट पेबल घड्याळ. कंपनी 2016 मध्ये संपली, सर्व्हर 2018 मध्ये बंद झाले. पण घड्याळ आणि ॲप असं रचलेलं होतं की वापरणाऱ्यांनी रेबल नावाची पर्यायी सेवा उभी केली आणि घड्याळं चालत राहिली. जानेवारी 2025 मध्ये, तो कोड ज्याच्या हाती गेला होता त्या गूगलने त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा बराचसा कोड खुला केला. 'बराचसा' यासाठी की ब्लूटूथसारखे दुसऱ्यांच्या मालकीचे भाग आधी काढावे लागले. बंद पडताना खुलं करायचं असेल तर त्याचा विचार पहिल्या दिवशीच करावा लागतो, तो यामुळे.

मला वाटतं कायद्याने एवढं तरी मागावं: ज्या दिवशी आधार संपेल त्या दिवशी बूटलोडर उघडला जावा. तोवर कंपनीचा धंदा झालेला असतो. त्यानंतरचं कुलूप कुणाचंच रक्षण करत नाही.

सुट्या भागांनाही आता कुलूप असतं म्हणे?

हो. स्क्रीन किंवा बॅटरीला क्रमांक असतो आणि मुख्य चिप तो ओळखते. अस्सल भाग दुसऱ्या अस्सल फोनमधून काढून लावला तरी काही सोयी बंद पडतात किंवा इशारे येत राहतात. ओरेगन राज्याने 2024 मध्ये याला मनाई करणारा कायदा केला. तो 2025 पासून विकलेल्या यंत्रांना लागू आहे.

शंभरातल्या नव्वदांना हे काही नको असतं. मग एवढा खटाटोप कशाला?

नको असतं हे मान्य. माझ्या घरातही कुणी राउटरच्या पोटात हात घालत नाही. पण ओपनडब्ल्यूआरटी लिहिणारे मूठभर असतात आणि जुना राउटर आणखी पाच वर्षं सुरक्षितपणे वापरणारे कितीतरी. यंत्रातली लपवलेली गोष्ट शोधायलाही कुणीतरी आत पाहू शकावं लागतं. शिवाय आज नको असलेली सोय कंपनीने आधार काढला की उद्या हवी होते.

मग तोल साधणारं यंत्र दिसतं कसं?

गूगलची सिस्टिम असलेला क्रोमबुक हा लॅपटॉप पाहा. कारखान्यातून कडेकोट बंद येतं. ठरावीक कळा दाबून डेव्हलपर मोड चालू करता येतो, पण तेव्हा डेटा पुसला जातो आणि प्रत्येक सुरुवातीला मोठा इशारा येतो. जुन्या मॉडेलमध्ये फर्मवेअर बदलायचं तर पाठ उघडून एक स्क्रू काढावा लागे. मला तो स्क्रू फार आवडतो. दूरवरून हल्ला करणारा स्क्रू काढू शकत नाही, मालक काढू शकतो.

गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये एक पाऊल पुढे जाता येतं: दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून स्वतःच्या किल्लीने बूटलोडर पुन्हा बंद करता येतो. सुरक्षेवर भर देणारी ग्राफीनओएस ही सिस्टिम याच सोयीवर उभी आहे. सुरक्षा तीच, फक्त सही वेगळ्याची. 2022 मध्ये आलेल्या स्टीम डेक या हातात धरायच्या गेम कन्सोलमध्ये मूळ सिस्टिम फक्त वाचता येते, म्हणजे चुकून काही मोडत नाही. एका आज्ञेने ती लिहिण्याजोगी होते. हवं तर विंडोज टाका. बिघडलं तर व्हॉल्व्ह कंपनीच मूळ प्रत देते. आणि त्यावर चालणारं स्टीम हे गेमचं दुकान? ते पूर्ण बंदिस्त आहे, आणि त्याचं कुणाला दुखत नाही.

विकत घेण्याआधी काय तपासू?

बूटलोडर अधिकृतपणे उघडतो का ते पाहा, आणि त्यासाठी कंपनीच्या सर्व्हरकडून कोड मागावा लागतो का तेही. लागत असेल तर तो सर्व्हर एक दिवस बंद होईल असं धरून चाला. इंटरनेट तोडल्यावर यंत्राचं मुख्य काम चालतं का, हा प्रश्न विकणाऱ्याला विचारा. अपडेट कुठल्या वर्षापर्यंत, हे लिहिलेलं असावं. राउटर असेल तर ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत नेमकी हार्डवेअर आवृत्ती शोधा. त्याच नावाच्या दोन डब्यांत वेगळ्या चिप असतात, हे आपण वर पाहिलंच.

पहिल्यांदाच करतोय. यंत्र ब्रिक झालं, म्हणजे विटेसारखं निर्जीव पडलं, तर?

होऊ शकतं. म्हणून पहिला प्रयोग जुन्या, अडगळीतल्या यंत्रावर करा, रोज लागणाऱ्या फोनवर नाही. आधी मूळ फर्मवेअरची प्रत काढून ठेवा आणि परत येण्याची वाट वाचून मगच पुढे जा. लिहिणं चालू असताना वीज जाऊ देऊ नका. राउटर मेला असं वाटलं तरी घाई करू नका. बहुतेकांच्या बोर्डवर तीन-चार टाचण्यांची सीरियल जोडणी असते आणि तिथून बूटलोडर अजून बोलत असतो. माझा एक राउटर दोन आठवडे निपचित होता, मग त्या टाचण्यांना तार लावून रात्री उशिरा स्क्रीनवर पहिली ओळ उमटली. सीरियलची तार लावताना व्होल्टेज मात्र तपासा. बहुतेक ठिकाणी ते 3.3 असतं, आणि 5 दिलंत तर चिप खरोखरच जाईल.